जोरकस गाडीची मागची चाके: अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचे स्थैर्य कसे तपासावे, कसे बसवावे

नुकत्याच अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) केलेल्या गाडीच्या कागदावर सगळे आकडे हिरव्या रंगात, म्हणजे मर्यादेत, असतात, आणि तरीही द्रुतगती मार्गावर ट्रक ओलांडण्यासाठी ॲक्सिलरेटर दाबला की गाडीचा मागचा भाग किंचित एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो आणि पाय उचलताच दुसऱ्या बाजूला येतो. अशी तक्रार घेऊन गेलेल्या मालकाला बहुतेक ठिकाणी तोच हिरवा कागद पुन्हा दाखवला जातो. कागद खोटा नसतो. तो उभ्या गाडीचा असतो, एवढेच. इंजिनाचा जोर, ब्रेकचा ओढा आणि वळणातला भार यांच्याखाली मागचे चाक नेमके कुठे पाहते, हे त्या कागदावर येत नाही. आणि जोरकस गाडीत प्रश्न तिथेच असतो.

हा लेख मुख्यतः ज्या गाड्यांमध्ये मागच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो आणि मागे मल्टी-लिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाक अनेक वेगवेगळ्या दांड्यांनी, म्हणजे लिंकांनी, धरलेले) असते, अशा गाड्यांविषयी आहे. २५८ अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन-मीटर टॉर्क असलेली बीएमडब्ल्यू ३३०आय हे आपल्या रस्त्यांवर दिसणारे नेहमीचे उदाहरण. स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५ सारख्या पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीतही मागे मल्टी-लिंकच असते, त्यामुळे पुढील बहुतेक पायऱ्या तिलाही लागू पडतात. फरक असा की तिच्या मागच्या बुशांवर (सांध्यांतल्या रबरी नळ्यांवर) ब्रेकचा आणि वळणाचा भार येतो, इंजिनाचा येत नाही. लहान हॅचबॅकमध्ये मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाके जोडणारी एकच आडवी तुळई, असते. त्यात टो किंवा कॅम्बर बदलण्याची सोय कारखान्यातून दिलेली नसते; बीम वाकला असेल तर तो बदलावा लागतो किंवा स्टब ॲक्सलमागे (चाकाच्या छोट्या दांड्यामागे) पातळ शिम, म्हणजे पत्र्याची चकती, घालून थोडा फरक काढावा लागतो.

मापांची भाषा

चाक वरून पाहिले असता त्याची पुढची कड गाडीच्या आत वळलेली असेल तर तो टो-इन, बाहेर वळलेली असेल तर टो-आउट. चाक मागून पाहिले असता त्याचा माथा आत कललेला असेल तर तो ऋण कॅम्बर. ही मापे अंश आणि मिनिटांत लिहितात, आणि ६० मिनिटांचा एक अंश होतो. पंचांगातल्या अंश-कला ज्यांना परिचित आहेत त्यांनी मिनिटाच्या जागी कला वाचली तरी हिशेब तोच राहतो. ६६० मिलिमीटर व्यासाच्या टायरवर १० मिनिटांचा टो म्हणजे टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत १.९ मिलिमीटरचा फरक. हा फरक नगण्य वाटतो, पण १० मिनिटांनी तिरपे असलेले चाक दर किलोमीटरला सुमारे २.९ मीटर आडवे घासत जाते, आणि मागचे टायर आतून का खाल्ले जातात याचे उत्तर बऱ्याचदा एवढ्यातच मिळते.

तिसरे माप थ्रस्ट अँगलचे आहे, आणि मागच्या चाकांच्या बाबतीत ते सर्वांत महत्त्वाचे आहे. डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाच्या टोमधील फरकाचा निम्मा म्हणजे थ्रस्ट अँगल. मागचा ॲक्सल गाडीला ज्या दिशेने ढकलतो ती दिशा आणि गाडीची मध्यरेषा यांच्यातला हा कोन असतो. तो १० मिनिटे असला तर सरळ जाण्यासाठी पुढच्या चाकांनाही तेवढेच वळावे लागते, आणि स्टिअरिंगचे गुणोत्तर १५ ला १ धरले तर स्टिअरिंग व्हील अडीच अंश तिरपे राहते. अनेक ठिकाणी अशा वेळी पुढचे टाय-रॉड (स्टिअरिंगला चाकांशी जोडणारे दांडे) फिरवून स्टिअरिंग सरळ करून दिले जाते. त्याने स्टिअरिंग सरळ दिसते, गाडी मात्र खेकड्यासारखी तिरपीच चालत राहते. थ्रस्ट अँगलने गाडी सहसा एका बाजूला ओढत नाही, स्टिअरिंग तिरपे ठेवते; ओढण्याचे कारण टायर, ब्रेक किंवा पुढच्या कॅम्बरमध्ये शोधावे.

जोर लागल्यावर चाक कुठे पाहते

मागच्या चाकांना थोडा टो-इन का देतात, हे समजल्याशिवाय पुढच्या पायऱ्या केवळ पाठांतर ठरतील. वळणात गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो. ते चाक आत पाहत असेल तर गाडीचा मागचा भाग वळणाच्या आतल्या बाजूला धरून ठेवला जातो; तेच चाक बाहेर पाहू लागले तर मागचा भाग बाहेर सुटतो. म्हणून रस्त्यावरच्या बहुतेक जोरकस गाड्यांना मागे दोन्ही चाकांचा मिळून साधारण १० ते २५ मिनिटांचा टो-इन आणि सव्वा ते दोन अंशांचा ऋण कॅम्बर दिलेला असतो. नेमका आकडा प्रत्येक मॉडेलचा, चाकाच्या मापाचा आणि सस्पेन्शनच्या प्रकाराचा वेगळा असतो, आणि तो उत्पादकाच्या तक्त्यातूनच घ्यावा.

आता याच टोवर जोराचा काय परिणाम होतो ते पाहू. १,६०० किलोची गाडी गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या त्वरणाने पुढे झेपावते तेव्हा मागच्या प्रत्येक चाकावर सुमारे ३,९०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ४०० किलोचा पुढे ढकलणारा भार येतो. ॲक्सिलरेटर सोडला की तो नाहीसा होतो आणि ब्रेक दाबला की उलट दिशेने येतो. हा सगळा भार हबपासून (चाक ज्यावर बसते तो भाग) सबफ्रेमपर्यंत (मागचे सस्पेन्शन ज्यावर बसते ती चौकट) रबराच्या बुशांतून जातो. टो ठरवणारी लिंक हबच्या मध्यापासून १५० मिलिमीटरवर आहे असे धरा. त्या लिंकच्या बुशमध्ये केवळ १ मिलिमीटरची ढिलाई आली तर चाकाचा टो सुमारे २३ मिनिटांनी बदलतो. त्या चाकाला बसवलेला टो मुळात ८-१० मिनिटांचाच असतो. म्हणजे उभ्या गाडीत टो-इन दाखवणारे चाक जोर लागताच ठळक टो-आउटमध्ये जाऊ शकते, आणि यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही.

डिझाइनरांना ही अडचण फार पूर्वीपासून माहीत आहे. जुन्या सेमी-ट्रेलिंग आर्म सस्पेन्शनमध्ये (ज्यात चाक तिरप्या सांध्यांवर हलणाऱ्या एकाच हाताने धरलेले असे) वळणात पाय उचलला की मागचे चाक टो-आउटकडे झुकत असे. पोर्शेने १९७७ च्या ९२८ मध्ये वायसाख ॲक्सल आणला तो याच खोडीवर उपाय म्हणून. त्यात वेग कमी होताना चाक उलट टो-इनकडे वळेल अशी पुढच्या जोडाची रचना केली होती. १९८२ मध्ये मर्सिडीझ-बेंझ १९० मध्ये पाच लिंकांचे मागचे सस्पेन्शन आले आणि प्रत्येक दिशेचा भार वेगवेगळ्या लिंकवर वाटून देण्याची पद्धत पुढे सर्वत्र रुजली. मात्र पाच लिंक म्हणजे प्रत्येक चाकाला दहा सांधे, आणि त्यांतला एक सैल झाला तरी बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

पहिली पायरी: टायर, हवा, उंची, वजन

मागचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि जवळजवळ सारख्या झिजेचे असावेत. हवा थंड टायरमध्ये आणि दाराच्या खांबावरच्या पट्टीनुसार भरावी. रिम वाकलेली असेल तर पुढचे काम थांबवावे, कारण वाकलेल्या रिमवर लावलेला अलाइनमेंट यंत्राचा क्लॅम्प चुकीचेच माप देणार. खड्ड्यात आदळलेल्या कमी उंचीच्या टायरांच्या बाबतीत ही शंका आधी घ्यावी.

त्यानंतर गाडीची उंची मोजावी. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांवर घ्यावे आणि लिहून ठेवावे. मागे डाव्या-उजव्यात १० मिलिमीटरपेक्षा अधिक फरक असेल तर स्प्रिंग खचली आहे, तुटली आहे किंवा एखादा बुश पिळलेल्या अवस्थेत आवळला आहे. स्प्रिंगचे शेवटचे वेटोळे तुटून खालच्या कपात बसलेले असते आणि ते बाहेरून दिसत नाही, म्हणून चाक काढून पाहावे.

वजनाविषयी आपल्याकडे कुणी विचारतही नाही. बीएमडब्ल्यूच्या अनेक जुन्या मॉडेलांसाठी मोजणीच्या वेळी पुढच्या दोन्ही सीटवर प्रत्येकी ६८ किलो, मागच्या सीटच्या मध्यावर ६८ किलो, डिकीत २१ किलो आणि टाकी पूर्ण भरलेली, अशी अट होती. मल्टी-लिंक सस्पेन्शन दबले की टो आणि कॅम्बर दोन्ही बदलतात, म्हणून ही अट आहे. आपल्या गाडीची अट वेगळी असू शकते आणि ती पाळावी. पण गाडी नेहमी एकटाच चालक वापरत असेल तर चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवून एक जादा नोंद घेणे शहाणपणाचे आहे. डिकीत कायम ठेवलेले सामान मोजणीपूर्वी काढू नये, असे माझे मत आहे, कारण गाडी धावताना ते तिथेच असणार.

दुसरी पायरी: बुश आणि सांधे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. गाडी दोन पद्धतींनी तपासावी लागते: एकदा चाके लोंबकळत असताना आणि एकदा चाकांवर पूर्ण भार असताना. लोंबकळत्या चाकावर बुश ताणलेला असतो, त्यामुळे त्यातली चीर उघडी पडते. भाराखालच्या चाकावर खरी ढिलाई कळते. पहारीने लिंक हलवून पाहताना जोर बेताचा ठेवावा, कारण चांगला रबरी बुशही थोडा हलणारच. डावी आणि उजवी बाजू एकाच जोराने हलवून त्यांची तुलना करावी. रबर धातूच्या नळीपासून सुटले आहे का, कडेला काळी भुकटी साचली आहे का, आणि तेलाने भरलेल्या बुशमधून तेल ओघळले आहे का, हे टॉर्चच्या उजेडात पाहावे. सबफ्रेम आणि बॉडी यांच्यामधले चार बुश विसरू नयेत. ते सैल असतील तर सगळा मागचा ॲक्सल एकसंध हलतो, प्रत्येक लिंक निर्दोष दिसते, आणि गाडी तरीही डुलते.

बहुतेक गॅरेजांत न वापरली जाणारी एक युक्ती फार उपयोगी पडते. गाडी अलाइनमेंट यंत्रावर असताना, मागच्या टोचे चालू आकडे पडद्यावर ठेवून, एका माणसाने चाक घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरून आत-बाहेर ढकलावे. आकडा दोन-तीन मिनिटे हलून पुन्हा जागेवर आला तर ठीक. तो १० मिनिटे हलत असेल, किंवा हात सोडल्यावर वेगळ्याच जागी थांबत असेल, तर त्या चाकाचे अलाइनमेंट करणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. हाच प्रयोग ६ आणि १२ च्या जागी केला की व्हील बेअरिंग आणि कॅम्बर ठरवणारी लिंक यांची परीक्षा होते.

नवे बुश बसवताना एक नियम मोडून चालत नाही. रबर धातूला चिकटवलेल्या बुशचे बोल्ट गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असतानाच शेवटचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली ठेवताच रबर पिळले जाते, उंची बदलते, आणि काही हजार किलोमीटरांत बुश फाटतो. गाडी खाली घेणे शक्य नसेल तर हबखाली जॅक लावून आधी लिहून ठेवलेली उंची आणावी आणि मग टॉर्क रेंचने ठरलेला टॉर्क द्यावा. त्यापूर्वी गाडी स्टँडवर पक्की आहे आणि जॅकने ती स्टँडवरून उचलली जात नाही याची खात्री करावी. अनेक जर्मन गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. जुना बोल्ट पुन्हा आवळून वाचलेले पैसे पुढे महाग पडतात.

शॉक ॲब्सॉर्बरसाठी कोपरा दाबून सोडण्याची जुनी परीक्षा आजच्या कडक गाड्यांत फारसे सांगत नाही. त्याऐवजी तेलाचा ओघळ, बंप स्टॉपचे (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकणाऱ्या रबरी ठोकळ्याचे) तुकडे आणि टायरवर ठराविक अंतराने पडलेले खळगे पाहावेत. अँटी-रोल बारची (वळणात गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांडीची) लिंक सैल असेल तर खड्ड्यात टकटक येते, पण सरळ रस्त्यावरचे डुलणे तिच्यामुळे सहसा येत नाही.

तिसरी पायरी: यंत्रावर

चारही चाकांचे यंत्र हवे, आणि मागच्या चाकांखाली सरकणाऱ्या स्लिप प्लेट हव्यात. त्या नसतील किंवा त्यांच्या पिना काढलेल्या नसतील तर टायर जमिनीला धरून राहतो, बोल्ट फिरवला की चाकाऐवजी टायर पिळला जातो, आणि गाडी दहा मीटर पुढे गेल्यावर आकडा बदलतो. क्लॅम्प लावल्यावर गाडी पुढे-मागे ढकलून रनआउटची (चाक फिरताना त्याच्या डगमगण्याची) दुरुस्ती करून घ्यावी. सुधारणेपूर्वीचा कागद मागून घ्यावा. तो नसेल तर नंतरच्या कागदाला अर्थ नाही.

मागच्या चाकांना वळण देणाऱ्या गाड्यांत निदान-यंत्राने मागचे स्टिअरिंग मध्यावर आणल्याशिवाय काहीही सैल करू नये. एअर सस्पेन्शन असेल तर उत्पादकाने सांगितलेल्या स्थितीत उंची स्थिर करून घ्यावी.

चौथी पायरी: आधी कॅम्बर, मग टो, मग पुढची चाके

क्रम बदलता येत नाही, कारण मागचा कॅम्बर बदलला की टो बदलतो, आणि मागचा टो बदलला की पुढच्या चाकांची संदर्भरेषाच बदलते. मल्टी-लिंकमध्ये ही मापे सहसा एक्सेंट्रिक बोल्टने बदलतात, म्हणजे ज्याची चकती मध्यापासून सरकलेली असते अशा बोल्टने. काही मॉडेलांत मागे फक्त टो बदलता येतो. तिथे कॅम्बर मर्यादेबाहेर असेल तर काहीतरी वाकले आहे किंवा खचले आहे असेच समजावे.

बोल्ट सैल करण्यापूर्वी त्याच्या चकतीची मूळ जागा रंगाने खुणावी. नट पूर्ण सैल न करता चकती जेमतेम फिरेल इतकाच सैल करावा. प्रत्येक बदलानंतर गाडीचा मागचा भाग दोन-तीनदा दाबून सोडावा आणि आकडा पुन्हा वाचावा. नट आवळताना बोल्टचे डोके पान्याने धरून ठेवावे. नाहीतर शेवटच्या पाव वळशात आकडा ५ मिनिटांनी सरकतो आणि मेकॅनिक तोपर्यंत पुढच्या चाकाकडे गेलेला असतो.

कोकणात आणि गोव्यात, समुद्राच्या खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत, हा बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून बसलेला आढळतो. बाहेरून तो फिरतो असे वाटते, प्रत्यक्षात नळीही त्याच्याबरोबर फिरते आणि रबर पिळले जाते. आकडा पडद्यावर बदलतो आणि थोड्या वेळाने मागे येतो. ही त्याची खूण. गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशी मारून ठेवावे. गॅसने तापवू नये, बुश जळतो. नाहीच सुटला तर बोल्ट कापून बुशसह नवा घालावा, आणि नव्या बोल्टच्या दांड्यावर गंजरोधक ग्रीस लावावे, आट्यांवर नव्हे.

आकडे कुठे आणायचे? दोन्ही मागच्या चाकांचा टो एकमेकांच्या ३-४ मिनिटांत, थ्रस्ट अँगल शून्याच्या जवळ आणि कोणत्याही परिस्थितीत ५ मिनिटांच्या आत, कॅम्बरमधला डावा-उजवा फरक अर्ध्या अंशापेक्षा कमी. जोरकस गाडीत टो-इन उत्पादकाच्या पट्ट्याच्या मध्यावर किंवा किंचित वर ठेवावा, असे मी सुचवेन. टायर वाचवण्यासाठी तो शून्यावर आणण्याचा सल्ला मिळतो, पण तेव्हा बुशच्या नैसर्गिक हालचालीसाठी शिल्लकच उरत नाही. मागे टो-आउट तर रस्त्यावरच्या गाडीला कधीही देऊ नये. शेवटी पुढची चाके बसवावीत, स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणावा, आणि पुढे कॅमेरा किंवा रडार असेल तर थ्रस्ट लाइन (मागचा ॲक्सल गाडीला ढकलतो ती दिशा) बदलल्यानंतर त्याचे कॅलिब्रेशन हवे का, हे मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावे.

स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली असेल

गाडी ३० मिलिमीटर खाली आणली की मागचा ऋण कॅम्बर वाढतो आणि टोही सरकतो. बऱ्याचदा एक्सेंट्रिक बोल्ट शेवटच्या टोकाला जाऊनही कॅम्बर अडीच-तीन अंशांवर राहतो. अशा वेळी लांबी बदलता येणाऱ्या कॅम्बर लिंक घालाव्या लागतात. त्या घेताना धातूचे गोलाकार सांधे असलेल्या लिंकांविषयी दोनदा विचार करावा: पहिल्या पावसाळ्यातला चिखल आणि नंतरची धूळ त्यांना लवकर खडखडवते, आणि ढिलाई टाळण्यासाठी घातलेली वस्तूच ढिली होते. पॉलियुरेथेनचे बुश ज्या सांध्याला एकाहून अधिक दिशांना वळावे लागते तिथे अडकतात. मूळ रबरी बुश नवे घालणे हा कमी आकर्षक पण बहुधा योग्य उपाय आहे.

घरी करायची पडताळणी

यंत्रावर विश्वास नसेल तर दोरा पुरतो. सपाट जागेवर गाडीच्या पुढे आणि मागे एकसारख्या लांबीचे दोन पाइप स्टँडवर आडवे ठेवावेत, दोन्हींवर सारख्या अंतरावर खाचा पाडून हबच्या उंचीवर दोन्ही बाजूंनी ताणलेला दोरा बांधावा. पुढच्या दोन्ही हबपासून दोऱ्याचे अंतर सारखे आणि मागच्या दोन्ही हबपासूनचेही आपापसांत सारखे येईपर्यंत पाइप सरकवावेत. पुढचे आणि मागचे अंतर एकमेकांसारखे येईल असे नाही, कारण दोन्ही ॲक्सलची रुंदी बहुधा वेगळी असते. मग मागच्या रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोऱ्याचे अंतर पोलादी पट्टीने मोजावे. पुढच्या कडेचे अंतर जास्त असेल तर टो-इन. १८ इंची रिमच्या कडांवर १ मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे ७ मिनिटे. अर्धा मिलिमीटर वाचता येत असेल तर थ्रस्ट अँगलची मोठी चूक निश्चित पकडता येते.

रस्त्यावर, आणि हजार किलोमीटरनंतर

चाचणीला वेग लागत नाही. मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर ७०-८० च्या वेगाने स्थिर चालवावे, मग मध्यम जोर द्यावा, मग पाय पूर्ण उचलावा, मग हलका ब्रेक दाबावा. जोर देताना एका बाजूला आणि सोडताना दुसऱ्या बाजूला जाणारी गाडी एका बाजूच्या बुशकडे बोट दाखवते. स्थिर वेगात स्टिअरिंग तिरपे असेल तर थ्रस्ट अँगल पाहावा. रस्त्याचा उतार डावीकडे असतो म्हणून हीच चाचणी शक्य तर उलट उताराच्या लेनमध्येही करावी. स्थिरतेची इलेक्ट्रॉनिक प्रणाली बंद करू नये. कोरड्या रस्त्यावर मध्यम जोरातही तिचा दिवा वारंवार लुकलुकत असेल तर ती एखादा यांत्रिक दोष झाकत असण्याची शक्यता धरावी.

हजार किलोमीटरनंतर मागच्या टायरवरून तळहात आडवा फिरवावा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. आतून बाहेर जाताना धारा हाताला लागल्या आणि उलट दिशेने गुळगुळीत वाटले तर टो-इन जास्त आहे. उलट अनुभव आला तर धावताना चाक टो-आउटमध्ये जात आहे. कागदावर टो-इन असूनही हात टो-आउट सांगत असेल तर आकड्यांना हात न लावता दुसऱ्या पायरीकडे परत जावे आणि त्याच बाजूच्या टो लिंकचा बुश सर्वांत आधी पाहावा.